एक्स्टेंडेड वॉरंटी: काय मिळतं, आणि काय 'झीज' म्हणून बाहेर राहतं

एक्स्टेंडेड वॉरंटीचा, म्हणजे मूळ वॉरंटीनंतरच्या काळासाठी पैसे भरून घेतलेल्या वाढीव वॉरंटीचा, क्लेम फेटाळला गेला की गाडीमालकाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "अहो, पण हा पार्ट तर यादीत आहे!" आणि तो खरंच यादीत असतो. वाद असतो तो पार्ट कशामुळे गेला यावरून. तोच वॉटर पंप आतलं बेअरिंग फुटून गेला तर खर्च वॉरंटी देणाऱ्याचा. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरल्यामुळे गंजून गेला तर तुमचा. पहिल्यांदाच अशी वॉरंटी घेणाऱ्याने एवढं डोक्यात ठेवून कागद वाचायला घेतले की पुढचं बरंच सोपं जातं. कागद म्हणजे रंगीत माहितीपत्रक नव्हे, अटी-शर्तींची पूर्ण पुस्तिका. ती पैसे भरण्याआधी मागून घ्या. "नंतर मेलवर येईल" असं उत्तर आलं तर पैसेही नंतरच द्या.

१. आधी तारखा आणि किलोमीटर

वॉरंटीला दोन मर्यादा असतात, वर्षं आणि किलोमीटर. यांतली जी आधी संपेल ती धरतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण हिशोब कुणी मांडत नाही. समजा मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटरची आहे आणि वाढीव प्लॅन एकूण ५ वर्षं किंवा १,२०,००० किलोमीटरपर्यंतचा. गाडी महिन्याला ४,००० किलोमीटर पळत असेल तर २५ महिन्यांत मूळ वॉरंटी संपते आणि ३० महिन्यांत वाढीवही. पैसे भरले दोन वर्षांचे, पदरात पडले पाच महिने. उलट, गाडी महिन्याला ५०० किलोमीटरही चालत नसेल तर जास्त किलोमीटरचा महाग प्लॅन घेण्यात अर्थ नाही.

मूळ वॉरंटी किलोमीटरमुळे लवकर संपली तर वाढीव वॉरंटी लगेच चालू होते की ठरलेल्या तारखेलाच, हेही विचारून घ्या. मधली पोकळी राहिली आणि त्यातच गिअरबॉक्स गेला, तर दोन्हीकडून हात वर होतात. जुन्या गाडीवर प्लॅन घेत असाल तर सुरुवातीचे काही दिवस किंवा काही किलोमीटर क्लेम करता येत नाही, अशी अट बहुधा असतेच. आधीच आजारी असलेली गाडी आणून दुसऱ्या दिवशी इंजिन मागू नये म्हणून ती ठेवलेली असते.

२. पैसे नेमके कोण देणार?

गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी असेल तर दुरुस्ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, कंपनीच्याच पार्टने आणि बहुधा खिशात हात न घालता होते. तिसऱ्या कंपनीचा किंवा विमा कंपनीचा आधार असलेला प्लॅन असेल तर तीन गोष्टी विचारा: दुरुस्ती कुठे करायची, आधी पैसे भरून नंतर मागायचे का, आणि पार्ट मूळ कंपनीचाच मिळेल की पर्यायी किंवा दुरुस्त केलेलाही चालवून घेतील. डीलरचं नाव कागदावर मोठं छापलेलं असलं तरी जबाबदारी कुणाची ते खाली बारीक अक्षरात असतं.

विकणाऱ्याच्या तोंडच्या "सगळं कव्हर आहे" या वाक्याला काडीची किंमत देऊ नका. अमेरिकेत कारशील्ड या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमका असाच आक्षेप घेतला होता: जाहिरातीत दुरुस्त्यांचा खर्च मिटेल असं सांगितलं, प्रत्यक्षात कितीतरी दुरुस्त्या करारात बसत नव्हत्या. २०२४ मध्ये कंपनीने १ कोटी डॉलर देण्याचं मान्य करून ते प्रकरण मिटवलं.

३. यादी कोणत्या पद्धतीची आहे ते ओळखा

करार दोन प्रकारचे असतात. पहिल्यात 'हे हे पार्ट कव्हर आहेत' अशी यादी असते. यादीत नाव नसेल तर विषय संपला. दुसऱ्यात उलटं: 'हे हे सोडून बाकी सगळं कव्हर.' बोलीभाषेत ज्याला बंपर टू बंपर म्हणतात तो हा दुसरा प्रकार, आणि नावात बंपर असूनही दोन्ही बंपर त्यात नसतात.

दुसरा प्रकार महाग असतो आणि चांगलाही, कारण शंकेचा फायदा तुमच्याकडे झुकतो. पहिल्या प्रकारात एक वाक्य सापळ्यासारखं असतं: 'इंजिनचे आतील, वंगणाखाली चालणारे भाग.' वाचायला भरभक्कम वाटतं, कारण पिस्टन, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, कनेक्टिंग रॉड, ऑइल पंप हे सगळं त्यात येतं. पण इंजिनच्या बाहेरून बसवलेलं काहीच येत नाही. ऑल्टरनेटर, स्टार्टर, सेन्सर, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, टर्बो यांची नावं वेगळी छापलेली नसतील तर ते बाहेरच. गिअरबॉक्सचंही तसंच. आतले गिअर आणि शाफ्ट येतात, पण ऑटोमॅटिक गाडीतलं गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट येतं का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. ऑटोमॅटिक घेणाऱ्याने तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

कागद तपासायची सोपी युक्ती आहे. तुमच्या गाडीतल्या पाच महागड्या वस्तू लिहून काढा. मी असतो तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, एबीएस पंप, पॉवर स्टीअरिंगची मोटर, एसी कॉम्प्रेसर आणि डॅशबोर्डवरचा टचस्क्रीन एवढी नावं घेतली असती. प्रत्येकाच्या नावावर बोट ठेवून "हे कुठल्या पानावर आहे?" असं विचारा. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर ते नाही असं समजा.

४. झीज: उघड आणि वादाची

उघड यादीवर वेळ घालवायला नको. ब्रेक पॅड, ब्रेक शू, टायर, वायपरचे रबर, बल्ब, फ्यूज, सगळे फिल्टर, स्पार्क प्लग, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल हे कुठल्याही प्लॅनमध्ये येत नाहीत. पेन्सिल लिहून लिहून संपली तर तिला कुणी बिघडली म्हणत नाही, तसंच हे. नवा ब्रेक पॅड साधारण १० ते १२ मिलीमीटर जाड असतो आणि ३ मिलीमीटरच्या आसपास आला की बदलतात. घासून संपणं हेच त्याचं काम. व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग, एसीचा गॅस भरणं, इंजिनमधला कार्बन काढणं हीसुद्धा देखभाल. १२ व्होल्टची बॅटरी जवळपास नेहमीच बाहेर. रंग, गंज, काचा, सीटचं कापड, आतलं प्लॅस्टिक आणि खडखड, कुरकुर यांसारखे आवाजही बाहेर.

वाद होतात ते पुढच्या गटात.

क्लच घ्या. बहुतेक करारांत 'क्लच' झीजेच्या यादीत असतो, पण कसा लिहिलाय त्यावर सगळं अवलंबून आहे. 'क्लच असेंब्ली' असं लिहिलं असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळंच तुमच्या खर्चात. 'क्लचचं घर्षण अस्तर' एवढंच लिहिलं असेल तर बोलायला जागा आहे. गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट हातात आली की मेकॅनिकला काय झालंय ते दिसतं. अस्तर रिव्हेटपर्यंत घासलेलं आणि प्रेशर प्लेटवर निळसर डाग म्हणजे क्लच दाबून दाबून चालवला, तापला, संपला. पण अस्तर भरपूर शिल्लक आहे आणि प्लेटमधली डॅम्पर स्प्रिंग तुटून बाहेर आली आहे, किंवा रिलीज बेअरिंग फुटलंय, तर ती झीज नव्हे, तो सुटा भाग तुटला. अशा वेळी जुना पार्ट टाकून देऊ देऊ नका आणि तिथेच त्याचे फोटो काढा. क्लच दाबणारा मास्टर सिलिंडर आणि स्लेव्ह सिलिंडर हे हायड्रॉलिक भाग आहेत. काही प्लॅन त्यांना कव्हर देतात. क्लच पेडल जमिनीला टेकलं म्हणजे क्लच प्लेटच गेली असं नाही. आधी गळती कुठे आहे ते बघायला लावा.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिकमध्ये हाच प्रश्न जास्त महाग होतो. त्यातलं कंट्रोल युनिट कव्हर असतं आणि क्लच पॅक झीजेत, असं पुष्कळदा दिसतं. गाडी ट्रॅफिकमध्ये धक्के देते, तर दोष कुणाचा? स्कॅनरचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट लेखी मागितल्याशिवाय हे ठरत नाही.

सस्पेन्शनमध्ये रबरी बुश, माउंटिंग, लिंक रॉड, बॉल जॉइंट बहुधा बाहेर असतात. शॉकॲब्सॉर्बरबद्दल एकवाक्यता नाही: काही करार पूर्ण नाकारतात, काही ठरावीक किलोमीटरपर्यंत देतात, काही फक्त तेल गळत असेल तरच देतात. स्टीअरिंग रॅक मात्र चांगल्या प्लॅनमध्ये असतो. ब्रेकमध्ये पॅड आणि डिस्क तुमच्या. पण मास्टर सिलिंडर, जाम झालेला कॅलिपर, एबीएस पंप यांची नावं यादीत शोधा. लोक 'ब्रेक म्हणजे झीजच' असं धरून चालतात आणि हक्काचा क्लेम सोडून देतात.

ऑइल सील आणि गॅस्केट हा आणखी एक नाजूक प्रांत. यातले बरेचसे रबराचे असल्यामुळे कडक होतात आणि गळतात. फक्त तेच गळत असतील तर काही प्लॅन नाकारतात, पण कव्हर असलेल्या दुरुस्तीसाठी इंजिन उघडलं तर त्याच कामातले सील आणि गॅस्केट देतात. त्या कामात लागणाऱ्या नव्या ऑइल-कूलंटचं बिल कोण भरणार हेही आधी विचारा. शिवाय वर्कशॉपवाले गळणं आणि पाझरणं यात फरक करतात. भाग नुसता ओलसर दिसतोय, थेंब पडत नाही, तर क्लेम होत नाही. अशा वेळी जॉबकार्डवर नोंद तरी करून घ्या, म्हणजे पुढे थेंब पडायला लागले की जुनी तारीख हाताशी राहते.

डिझेल गाडीत धुराचा फिल्टर काजळीने तुंबला तर तो वापरामुळे तुंबला असं धरतात, विशेषतः गाडी रोज जेमतेम चार-पाच किलोमीटर चालत असेल तर. इंजेक्टरचंही तसंच: त्याची विजेची कॉइल गेली तर बिघाड, तोंड घाणीने बंद झालं तर देखभाल किंवा इंधनाचा दोष.

ईव्ही असेल तर मुख्य बॅटरी बहुतेक वेळा या वाढीव वॉरंटीत धरलेलीच नसते. तिला उत्पादकाची वेगळी वॉरंटी असते, साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, आणि बरेच उत्पादक क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच ती मान्य करतात. ८५ टक्क्यांवर आलेली बॅटरी म्हणजे त्यांच्या लेखी नेहमीची झीज.

५. 'बिघाड' या शब्दाची व्याख्या शोधा

पुस्तिकेच्या सुरुवातीला व्याख्यांचं पान असतं. कंटाळवाणं म्हणून सगळे ते ओलांडतात, आणि बरेचसे क्लेम तिथेच अडकतात. काही करारांत बिघाड म्हणजे 'पार्ट अचानक मोडणं किंवा काम करायचं थांबणं'. असं लिहिलं असेल तर हळूहळू होणारी कोणतीही घसरण बाहेर राहते, पार्टचं नाव यादीत असलं तरी. पिस्टन रिंग झिजून कॉम्प्रेशन कमी झालं, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, इंजिन ऑइल पिऊ लागलं, दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो: यातलं काहीच 'अचानक' नाही. ऑइल खाण्याबद्दल तर उत्पादकांच्याही आपापल्या मर्यादा असतात. १,००० किलोमीटरला अर्धा लिटर, काहींच्या पुस्तकात तर जवळजवळ एक लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं. त्यामुळे "ऑइल कमी होतंय" एवढ्या तक्रारीवर काही होत नाही. लेव्हल भरून, किलोमीटर नोंदवून, ठरावीक अंतरानंतर पुन्हा मोजून घ्यावं लागतं.

याउलट काही प्लॅनमध्ये 'कव्हर असलेला पार्ट झिजून निकामी झाला तरी भरपाई' असं स्पष्ट वाक्य असतं. दोन प्लॅनच्या किमतीत फरक दिसला की हे वाक्य कुठल्यात आहे ते आधी पाहा. माझ्या मते लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीसाठी हे एक वाक्य बाकीच्या चार सवलतींपेक्षा मोलाचं आहे. त्या वयात पार्ट मोडतात कमी, झिजतात जास्त.

६. एकामुळे दुसरं गेलं तर

रेडिएटरचा होज पाइप फुटला. पाइप झीजेच्या यादीत, म्हणजे तुमचा. त्यातून कूलंट सांडलं, इंजिन तापलं, हेड गॅस्केट उडालं, हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलं. गॅस्केट आणि हेड यादीत आहेत. मग क्लेम मिळणार? बहुतेक करार म्हणतात की कव्हर नसलेल्या पार्टमुळे कव्हर असलेला पार्ट गेला तर भरपाई नाही. टायमिंग बेल्टचंही हेच: बेल्ट वेळेवर बदलला नाही, तुटला, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले. बिल इंजिनचं असतं, पण नाकारण्याचं कारण बेल्टचं.

आता उलट बाजू. वॉटर पंप कव्हर आहे, तो गेला म्हणून इंजिन तापलं. तापमानाचा दिवा लागल्याबरोबर तुम्ही गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, तर क्लेमला बळ असतं. "घर जवळच आहे" म्हणत आणखी चार किलोमीटर रेटली, तर पंप देतील, हेड देणार नाहीत. आणि तुम्ही रेटली की नाही हे तोंडी सांगण्यावर राहत नाही. दोष नोंदला जातो त्या क्षणी कूलंटचं तापमान, इंजिनचे फेरे, गाडीचा वेग एवढी माहिती कंट्रोल युनिट साठवून ठेवतं आणि स्कॅनर लावला की ती पुढे येते. म्हणून लाल दिवा लागला की थांबा, फोटो काढा, टोइंग बोलवा. टोइंगचं बिल हेडच्या बिलापुढे काहीच नाही.

पाण्यात गाडी घालून इंजिनमध्ये पाणी गेलं, अपघात झाला, उंदराने वायर कुरतडली, चुकीचं किंवा भेसळीचं इंधन पडलं, तर हे वॉरंटीचे विषयच नव्हेत. त्यातलं जे काही मिळायचं ते विम्यातून, तेही पॉलिसीत असेल तर.

७. सर्व्हिसची बिलं सांभाळा

वॉरंटी जिवंत ठेवणारी गोष्ट म्हणजे वेळेवर केलेली सर्व्हिस, आणि ती केल्याचा पुरावा. बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि बदललेले पार्ट असायला हवेत. 'जनरल सर्व्हिस' एवढंच लिहिलेली चिठ्ठी उपयोगाची नाही. सर्व्हिसला किती दिवस किंवा किती किलोमीटर उशीर चालतो ते करारात दिलेलं असतं. बाहेरच्या गॅरेजची सर्व्हिस चालते का हे प्रत्येक प्लॅनमध्ये वेगळं असतं. चालत असेल तरी ऑइल आणि फिल्टरची बिलं जोडून ठेवा.

बदल केलेल्या गाड्यांना फार सहानुभूती मिळत नाही. इंजिनचा रिमॅप केला, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललं, तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही हातचे गेले असं समजा. बाहेरून बसवलेली गॅस किट, मोठे टायर, वायर कापून जोडलेले दिवे किंवा म्युझिक सिस्टीम हीही क्लेम नाकारायला पुरेशी कारणं ठरतात. वायरला कापाकापी न करता कपलरने जोडलेलं काम त्यातल्या त्यात बरं. गाडी भाड्याने किंवा टॅक्सी म्हणून चालवली तर खासगी वापराचा प्लॅन लागूच होत नाही.

८. क्लेम करताना

गाडी बंद पडली की आधी मंजुरी, मग पाना. परवानगीशिवाय इंजिन उघडलं तर नंतर कितीही खरं असलं तरी पैसे मिळणं अवघड. मंजुरी देणारा बहुधा म्हणतो, "उघडून दाखवा, मग ठरवू." उघडण्याची मजुरी कोण देणार? दोष कव्हर निघाला तर ते, नाही निघाला तर तुम्ही. गिअरबॉक्स उतरवून उघडायची मजुरीच मोठी असते, तेव्हा सही करण्याआधी अंदाजे आकडा लिहून घ्या.

प्रत्येक क्लेमची कमाल रक्कम, संपूर्ण मुदतीची एकूण रक्कम आणि प्रत्येक वेळी तुम्ही भरायचा हिस्सा हे तीन आकडे आधीच वहीत उतरवून ठेवा. जुन्या गाडीत एकूण मर्यादा गाडीच्या त्या वेळच्या बाजारभावाएवढी असते, असं काही करारांत लिहिलेलं असतं.

क्लेम नाकारला तर तोंडी उत्तरावर परतू नका. "कुठल्या कलमाखाली नाकारला ते लेखी द्या," एवढंच म्हणा, आवाज न चढवता. लेखी द्यायची वेळ आली की कारण नीट तपासलं जातं आणि कधीकधी बदलतंही. 'झीज' असं कारण असेल तर मोजमाप मागा: किती मिलीमीटर उरलंय, मर्यादा किती, फोटो कुठे आहे. पटलं नाही तर पार्ट ताब्यात घेऊन दुसऱ्या जाणकाराचं लेखी मत घ्या आणि तक्रार एक पायरी वर न्या.

घ्यावी की नाही?

साधं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, कमी वापर आणि गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर मी या फंदात पडणार नाही. तेवढे पैसे बाजूला ठेवीन. टर्बो, ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रॉनिक्सने भरलेली गाडी मूळ वॉरंटीच्या पुढे बरीच वर्षं ठेवायची असेल तर घेईन, कंपनीचीच आणि शक्यतो बाहेर राहणाऱ्या पार्टची यादी छापणाऱ्या प्रकारातली. मूळ वॉरंटी चालू असतानाच घेतली तर ती बहुधा स्वस्त पडते आणि गाडीची तपासणीही टळते. मूळ वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी गाडी नीट दाखवून घ्या आणि बारीकसारीक गळती, आवाज, दिवे सगळं जॉबकार्डवर चढवा. त्या तारखेपर्यंत नोंदवलेला दोष मूळ वॉरंटीतच दुरुस्त करून मागता येतो, आणि मूळ वॉरंटी जवळजवळ नेहमीच वाढीव वॉरंटीपेक्षा उदार असते.

गाडी मध्येच विकली तर उरलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करता येते का, आणि त्यासाठी किती दिवसांत अर्ज करावा लागतो, हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर असतं. मुदत चुकली तर ती आपोआप रद्द होते. प्लॅन मध्येच बंद केला तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत देणारे करारही आहेत, मात्र एकही क्लेम घेतलेला नसेल तरच, अशी अट त्यात बऱ्याचदा असते.